सापडलेल्या खुणेचा पुन्हा शोध
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आज मी आपल्यापुढे एका साध्या दगडाविषयी बोलणार आहे. जुन्या पुलाच्या कठड्यावर, रस्त्याखालच्या मोरीवर किंवा एखाद्या जुन्या इमारतीच्या पायरीवर कधी कधी 'जी. टी. एस., बी. एम.' अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली आढळतात. ही भारतीय सर्वेक्षण खात्याची तलचिन्हे होत. व्यवहारात आपण त्यांना बेंचमार्क म्हणतो. त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची खात्याच्या दप्तरी नोंदलेली असते. 1909 साली देशातील उंचीचे जाळे जुळवण्यात आले तेव्हा नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या मोजणीचा आधार घेतला होता. आपल्या मुंबईचे अपोलो बंदर त्यांपैकीच एक.

अशा खुणा शोधत फिरण्याचा छंद असलेली माणसे जगात आहेत. अमेरिकेत तर सामान्य नागरिकालाही 'खूण सापडली, अमुक स्थितीत आहे' असे सरकारी खात्याला कळवता येते. तुम्ही विचाराल, जी खूण दप्तरात नोंदलेली आहे, जी आधी दहा जणांनी पाहिली आहे, ती अकराव्याने शोधून काय मिळवले? या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच मी येथे उभा आहे.

उत्तर शोधताना मला अल्-बिरूनी आठवतात. नवव्या शतकात खलिफा अल्-मामून यांनी आपल्या ज्योतिर्विदांना वाळवंटात धाडून पृथ्वीच्या एका अंशाची लांबी मोजवून घेतली होती. सुमारे दोनशे वर्षांनी ते आकडे अल्-बिरूनींच्या हाती आले, तेव्हा वेगवेगळ्या वृत्तांतांतील आकडे एकमेकांशी जुळेनात. त्यांनी स्वतः मोजायचे ठरवले. पहिला प्रयत्न फसला. पुढे पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ त्यांनी डोंगराची उंची मोजली, माथ्यावरून क्षितिज किती खाली दिसते तो कोन घेतला आणि त्यावरून पृथ्वीचे माप काढले. उत्तर जुन्या आकड्याच्या जवळ आले. मग त्यांनी काय करावे? आधीच्या लोकांची साधने अधिक बारकाईची होती, असे म्हणून त्यांनी जुनाच आकडा मान्य केला! मित्रहो, एवढा खटाटोप करून नवा आकडा मिळाला नाही. परंतु आधी जो आकडा केवळ ऐकीव होता, तो आता खात्रीचा झाला. तकलीद आणि तहकीक यांतला फरक तो हाच.

आता आपल्या भागाकडे या. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वसाहती वाढत गेल्या. पुढे चाकणचे माळही कारखान्यांनी भरले. रस्ते रुंद झाले, जुन्या मोऱ्या पाडून नव्या बांधल्या गेल्या. अशा वेळी कोरलेला दगड भरावात गाडला जातो. क्वचित तोच दगड नव्या बांधकामात दुसऱ्या जागी बसवला जातो. तेव्हा अक्षरे जशीच्या तशी असतात, पण उंची मात्र खोटी ठरते! दप्तर पाहून हे कळत नाही. तेथे जाऊन आजूबाजूचे बांधकाम पाहणाऱ्यालाच ते कळते.

उंचीतल्या चुकीने काय बिघडते, असे कोणी म्हणू नये. पवना, मुळा, इंद्रायणी या नद्यांच्या काठी आपली वस्ती आहे. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द ती निळी पूररेषा. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषा जमिनीच्या उंचीवरून ठरतात आणि उंची मोजायची तर तलचिन्हापासूनच सुरुवात करावी लागते. 17 मे 2025 रोजी चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले 36 बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार पाडण्यात आले. तेथे कोणाचा दोष किती, याचा निवाडा करणे माझे काम नव्हे. परंतु आयुष्याची पुंजी घालून जागा घेताना आपण भाव विचारतो, रस्ता विचारतो, नळाचे पाणी विचारतो. ही जमीन नदीच्या पुराहून किती उंच आहे, हे विचारतो काय? दुसऱ्याने सांगितले म्हणून मान डोलावण्याची सवय फार महाग पडते.

म्हणून माझी एक सूचना आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या कराव्यात. सर्वेक्षण खात्याचा नकाशा घेऊन, शिक्षकांना बरोबर घेऊन, जवळची एक खूण शोधावी. हमरस्त्यावर एकट्याने जाऊ नये. दगड खरवडू नये, त्यावर चुना-रंग लावू नये. नोंद तीनच प्रकारची असावी : शाबूत, खराब झालेली, किंवा सापडली नाही. 'सापडली नाही' याचा अर्थ 'नष्ट झाली' असा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. गवताखाली, मातीखाली ती असू शकते. शेजारचे बांधकाम नवे की जुने, तेही लिहावे. गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे. जुनी मोरी कोठे होती हे त्यांनाच ठाऊक असते. आणि दुसऱ्या तुकडीने पहिलीची नोंद आधी वाचू नये. दोन्ही वह्या शेवटी शेजारी ठेवून पाहाव्यात.

सर्वेक्षणाची माणसेही एकदा मोजून थांबत नाहीत; त्याच मार्गाने परत येत पुन्हा मोजतात आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहतात. भूमितीचा सिद्धांत तुम्ही वहीत पुन्हा सोडवता, तो शेकडो वर्षांपूर्वी सुटलेलाच असतो. तरीही तो तुम्ही सोडवता तेव्हाच तुमचा होतो. आपल्यापैकी कित्येक मुले-मुली आपल्या घराण्यात प्रथमच शाळेची पायरी चढली आहेत. 'हे सर्व आधीच कोणीतरी शोधले आहे, आता आपल्यासाठी काय उरले?' असे त्यांनी कधीही मनात आणू नये. खूण जुनीच असो. ती जागेवर आहे की नाही, हे सांगणारा माणूस प्रत्येक पिढीला नवा लागतो.