सरकारी शाळेतील ख्रिस्ती शिक्षक
(महोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



समितीने आम्हांस शाळा, श्रद्धा आणि यंत्रे या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आम्ही पंडित नव्हे. आमची उभी हयात वसईच्या पूर्वेस, डोंगराकडील पाड्यांवर, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुळाक्षरे गिरवून घेण्यात गेली. परंतु ज्या धर्मग्रामात आमचा स्नानसंस्कार झाला, त्याच्या महोत्सवात मौन राखणेही बरे दिसेना. म्हणून अनुभवाचे दोन बोल, आणि त्यांतच एका अपराधाची कबुली, आपणांपुढे ठेवतो.

मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर आम्हांस वारंवार विचारले जाते, "गुरुजी, सरकारी शाळेत येशूचे नाव घेता येते काय?" उत्तर सरळ आहे. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाप्रमाणे, जी शाळा सर्वस्वी सरकारी पैशावर चालते तीत धर्मशिक्षण देता येत नाही. नोकरीच्या आरंभी हा नियम आम्हांस तोंडावर बांधलेल्या फडक्यासारखा वाटे. पुढे विचार करू लागलो. ही घटना ज्या सभेने घडविली, तीत फादर जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरू सभासद होते. आणि याच घटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने आम्हां अल्पसंख्याकांस आपल्या स्वतःच्या शाळा स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. ज्या वारली मातेने आपले लेकरू विश्वासाने आमच्या हाती सोपविले, तिला न विचारता त्या लेकराची श्रद्धा बदलू पाहणे ही चोरीच ठरली असती. आपल्या मुलांच्या बाबतीत कोणी असे केले तर आपण ते सहन करू काय?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात कॅथॉलिक नसलेल्या शाळांत शिकणाऱ्या आपल्या मुलांचाही विचार केला आहे, आणि तेथे शिकविणाऱ्यांच्या आचरणाची साक्ष ही ख्रिस्तसभेच्या तेथील उपस्थितीची एक वाट मानली आहे. आचरणाची साक्ष! ऐकावयास हे किती सोपे वाटते.

यंत्राचे म्हणाल, तर आपल्या पूर्वजांस त्याचे भय नव्हते. १५५६ साली गोव्यास छापखाना आला. हिंदुस्थानातील तो पहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांस परक्या लिपीचा वेष चढवावा लागला. तथापि ओवी मेली नाही. यंत्राने दिले ते आपल्या लोकांनी घेतले आणि उरलेले आपल्या कंठाने भरून काढले.

आमच्या काळात पाठ्यपुस्तकांच्या पानांवर चौकोनी संकेतचिन्हे आली. फोन त्यावर धरला की कविता ऐकू येते, चित्र हलू लागते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ही कल्पना वर्गात राबविली व २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. हे गृहस्थ आपल्या धर्माचे नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. कारण औदार्य ही आपलीच मिरास आहे असे समजण्याची खोड आम्हांसही होती.

२८ जानेवारी २०२५ रोजी, पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने, व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'अंतिक्वा एत नोवा' या नावाचे निवेदन प्रसिद्ध केले. शिक्षकाच्या प्रत्यक्ष सान्निध्याने विद्यार्थ्याशी जे नाते जुळते, ते यंत्रास साधत नाही, असे त्यात म्हटले आहे. वाचता वाचता आमची मान खाली गेली. त्याचे कारण आता सांगतो.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. आम्ही पालकांचा फोनवर एक गट केला व रोज सकाळी पाठ धाडू लागलो. संदेश वाचला गेला की त्यापुढे निळ्या खुणा उमटतात. त्या खुणा मोजून आम्ही कार्यालयास आकडे कळवीत असू. पहिलीतील एका मुलीच्या बापाच्या नावापुढे खुणा नित्यनेमाने उमटत. सबब तिचे नाव "शिकत आहे" या रकान्यात. तिचे घर शाळेपासून मैलभरही नव्हते. बंदी सैल झाल्यावर एकवार जाऊन पाहावे, हे आमच्या मनात आले नाही असे नव्हे. आकडा पूर्ण होता, म्हणून गेलो नाही.

पुढे शाळा उघडल्या तेव्हा ते कुटुंब वीटभट्टीवर गेले होते. जून २०२२ मध्ये मुलगी परतली ती वयाप्रमाणे चौथीत, आणि तिला 'क' ओळखता येईना. चौकशी केली तेव्हा कळले की, बापाने तो फोन पहिल्याच पावसाळ्यात तांदळाच्या उधारीपोटी दुकानदाराकडे गहाण ठेविला होता. आमचे पाठ दुकानदाराचा मुलगा उघडीत असे.

आम्ही कुमसारास गेलो. धर्मगुरूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "ईश्वर क्षमा करील, पण त्या मुलीचे तुम्ही काय देणे लागता?" वर्षानुवर्षे आम्ही पापे सांगत आलो होतो, परंतु देण्याचा हिशेब कोणी मागितला नव्हता.

मग खोट्या आकड्यांची कबुली कार्यालयास लेखी दिली. त्याबद्दल जे ऐकून घ्यावे लागले ते रास्तच होते. शाळा सुटल्यावर रोज एक तास त्या मुलीस घेऊन बसू लागलो. पुस्तकातील शब्द तिला परके वाटत. तेव्हा तिच्या आजीस शाळेत बोलाविले. आजीने वारली बोलीत कोल्ह्याची गोष्ट सांगितली, ती आम्ही त्याच फोनवर ध्वनिमुद्रित केली. एक वाक्य ऐकावे, थांबवावे, पाटीवर लिहावे, मुलीने वाचावे, असा क्रम चालला. आजी दाराशी बसून हसे. आम्ही एकदाही येशूचे नाव घेतले नाही. वसईस परतताना बसमध्ये मात्र जपमाळेचा एक मणी त्या मुलीच्या नावाने सरे.

दिवाळीनंतर कुटुंब पुन्हा भट्टीकडे निघाले. स्थलांतर करणाऱ्या मुलांस नव्या ठिकाणच्या शाळेत दाखविण्यासाठी शिक्षण हमी पत्रक देतात, ते आम्ही घाईघाईने भरून तिच्या हाती दिले. टेम्पो उभा होता, बाप हाका मारीत होता. ती पत्रकावर बोट ठेवून एकेक अक्षर लावीत राहिली, आणि मग म्हणाली, "गुरुजी, आडनावाला काना राहिला."

आम्ही पेन काढून काना दिला.