ओटीपी कुणाच्या फोनवर जातो?

आज पदवी घेणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

माझ्या मनातली एक काळजी आज तुमच्या हवाली करायची आहे, म्हणून थेट बोलते.

2018 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणानंतर फोनवर औषध सांगायला आपल्याकडचे डॉक्टर धास्तावले होते. रुग्ण मात्र थांबले नव्हते. रक्ताच्या रिपोर्टचे, अंगावरच्या पुरळाचे फोटो ते व्हॉट्सॲपवर पाठवतच होते. 25 मार्च 2020 ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि डॉक्टरांना निर्धास्तपणे उत्तर देता येऊ लागलं.

आज ई-संजीवनीवर उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) रुग्णाशेजारी बसतो आणि दूरवरचा डॉक्टर पडद्यावरून तपासतो. तुमच्यातले काही जण लवकरच तिथे असतील. पोटावर हात त्या सीएचओचा असणार आणि निर्णय तुमचा. त्याला सहकारी माना, त्याचं पूर्ण ऐकून घ्या. समाधान झालं नाही तर रुग्णाला प्रत्यक्ष बोलवा. नियमांनी तो अधिकार तुम्हाला दिला आहे.

संगणकावर नोंदी करायला ज्येष्ठ डॉक्टर कुरकुरतात, त्याला मागासपणा म्हणू नका. ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना सगळं टाइप करत बसलं, तर रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघायचं कधी? ही अडचण खरी आहे आणि ती माणसं नेमूनच सुटेल.

तरीही नोंदी हव्यातच. बीडहून ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे निघालेली गरोदर बाई डोळ्यांपुढे आणा. तपासण्यांचे कागद गावाकडे राहिलेले, आणि फडाजवळच्या दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन आधी किती होतं हे कुणालाच माहीत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा 14 अंकी आभा क्रमांक अशाच बाईच्या सर्वांत जास्त कामाचा आहे. तिचा इतिहास तिच्याबरोबर फिरावा, असं मला मनापासून वाटतं.

पण आभा काढताना ओटीपी येतो, तो कुणाच्या फोनवर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत स्वतः वापरत असलेला मोबाइल जवळ असणाऱ्या स्त्रिया होत्या 54 टक्के. बाकीच्यांच्या बाबतीत फोन नवऱ्याचा, दिराचा, नाहीतर मुलाचा. संमती बाईची आणि आकडे वाचून दाखवतो दुसराच कुणीतरी. पुढे रिपोर्टचा मेसेजही त्याच फोनवर जाणार. तपासणी एचआयव्हीची असेल, गर्भपाताची असेल, तर त्या मेसेजचे घरात काय परिणाम होतील, ते तुम्हाला सांगायला नको. एचआयव्हीबाबत 2017 चा कायदा आणि गर्भपाताबाबत 2021 ची दुरुस्ती, दोन्ही गोपनीयतेचं बंधन घालतात. मात्र नोंदणीच्या खिडकीवर, मागून माणसं रेटत असताना, कायदा पाळायचा की नाही हे तिथे बसलेल्या माणसावर ठरतं.

23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. पुढे बरेच दिवस नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामं हाताने चालली. त्याची बातमी देशभर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. एका घरात, एका फोनवरून फुटलेल्या गुपिताची बातमी होत नाही. ते सोसते एकटी बाई, आणि पुढच्या वेळी ती दवाखान्यात येतच नाही. मला जास्त भीती असं गुपित फुटण्याची वाटते, कारण ते थांबवायला मोठी यंत्रणा लागत नाही. नोंदणी करताना दोन मिनिटं तिच्याशी एकटीशी बोललं, तरी पुष्कळ टळतं.

म्हणून इंटर्नशिपला असाल किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिला विचारा, ‘बाई, हा नंबर कुणाचा? यावर निरोप आलेला चालेल का?’ सोबतच्या माणसाला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगा. ती नको म्हणाली, तर आग्रह धरू नका. आभा ऐच्छिक आहे, त्यावाचून उपचार अडत नाहीत. अशा वेळी केसपेपर कागदावरच काढा, पुढच्या मुक्कामी कुठल्या दवाखान्यात दाखवायचं ते त्यावर वाचता येईल अशा अक्षरात लिहा आणि तो तिच्याच हातात द्या.