यंत्र लिहितं, निस्तरतं कोण?

(आमच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी पुण्यात गेली अठरा वर्षं प्रोग्रॅमर म्हणून नोकरी करते. संगणकाने काय करायचं ते त्याला पायरीपायरीने लिहून द्यायचं, हे माझं काम. २०२२ नंतर हे लिखाण झपाट्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागलं. साध्या भाषेत सांगा, मिनिटभरात प्रोग्रॅम तयार!

मग माझं काम संपलं का? घरात वॉशिंग मशीन आलं, तेव्हा धुण्याचे कष्ट कमी झाले. पण कपडे गोळा करणं, वाळत घालणं, घड्या करणं आपल्याकडेच राहिलं. वर ‘आता तुला काम काय?’ हेही ऐकावं लागलं. तसंच आहे हे.

मध्यंतरी बोनसचा हिशोब करणारा प्रोग्रॅम यंत्राने लिहिला. दिसायला निर्दोष. पण भरपगारी बाळंतपणाची रजा त्याने गैरहजेरी धरली होती! कायदा ते दिवस कामाचेच मानतो. ती चूक शोधायला मला दोन दिवस लागले. नोंद मात्र एवढीच झाली, की प्रोग्रॅम एका तासात लिहून झाला. माझे दोन दिवस कुठेच नाहीत.

हे नवीन नाही. १९४६ साली अमेरिकेत एनियाक हा संगणक जगापुढे आला. त्याला कामाला लावणाऱ्या सहा बायका होत्या. कौतुक झालं ते यंत्राचं आणि ते बांधणाऱ्या पुरुषांचं. सहाजणींची दखल घ्यायला कित्येक दशकं लागली.

मला जास्त काळजी आहे ती नव्या मुलींची. चाचण्या घेणं, बारीकसारीक दुरुस्त्या करणं, अशाच कामांवर मी तालुक्याच्या गावातून येऊन शिकले. आज तीच कामं आधी यंत्राकडे जाताहेत. पहिली पायरीच काढून घेतली, तर उद्या यंत्राची चूक ओळखणारी बाई तयार कुठून होणार?

माझा यंत्राला विरोध नाही. पण तपासणीचे तास कामात मोजा. नवीन साधनांचं शिक्षण कामाच्या वेळात द्या. रात्री घरची कामं उरकून शिका म्हणू नका. बाळंतपणाहून परतलेलीलाही ते मिळालंच पाहिजे. आणि वाचलेला वेळ कुणाचा, हे ठरवताना आम्हाला विचारा.

घरकामाची किंमत मागायला आपण शिकलो. ती मागणी आता ऑफिसातही न्यायला हवी.