अंगणातील तेलाचा डाग

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पावसाळा सरला आणि आमच्या मोटारसायकलीखाली अंगणात रोज तेलाचा डाग पडू लागला. "जुनी गाडी, गळायचीच," असे म्हणून मी महिनाभर त्यावर माती टाकीत राहिले. चूक माझीच. शंभर सीसीच्या गाडीत तेल असते जेमतेम एक लिटर. इंजिनाला आणि क्लचला मिळून तेवढेच. ते संपत आले की पिस्टन जाम होतो, आणि गळके तेल मागच्या टायरवर उडाले तर गाडी घसरते. त्याच गाडीवरून मुलगी कॉलेजात जाते, हे मनात आले तेव्हा कोठे मी पाना हाती घेतला!

थंड इंजिन पुसून कोरडे केले आणि रात्री खाली पुठ्ठा ठेवला. मळ असला की गळती नेमकी कोठली ते कळतच नाही. सकाळी ओल दिसली ती क्लचच्या झाकणाच्या खालच्या कडेला. तेथले दोन स्क्रू हादऱ्यांनी सैल झाले होते. एकच स्क्रू एकदम पिळू नये; समोरासमोरचे आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. मनगटाचा जोर पुरे. आटे ॲल्युमिनियमचे, ते गेले की मोठा खर्च. कुकरला जशी रिंग, तसे या झाकणाखाली कागदी पॅकिंग असते. ते फाटले असेल तर कितीही आवळा, व्यर्थ.

मग गाडी मोठ्या स्टँडवर सरळ उभी करून पट्टीवर तेल पाहिले, तो खालच्या खुणेच्याही खाली! लगेच भरले. चौथ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा एक थेंब. छातीत धस्स झाले. पण तो साखळीचा निघाला.