फिरत्या चांदण्यांची ओळख

श्रोतेहो, वारणाकाठी रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजणाऱ्यांना आभाळ काही परकं नाही. तिकांडं कुठवर आलं हे पाहून वेळ सांगणारी माणसं आपल्याकडे होती. पण या ओळखीच्या चांदण्यांतून एखादी चांदणी मुकाट्यानं चालू लागली, तर तिला काय म्हणावं?

तो असतो कृत्रिम उपग्रह. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघानं पहिला उपग्रह, स्पुटनिक, सोडला. तो पाहायला जगभर लोक अंगणात आले. गंमत अशी, की बहुतेकांना दिसलं ते त्याच्यामागून फिरणारं मोठं रॉकेट. स्पुटनिक स्वतः फारच लहान होता.

उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. सूर्य मावळून वारणेच्या खोऱ्यात अंधारून येतं, तरी जोतिबाच्या माथ्यावर ऊन रेंगाळत असतं ना? तसंच हे. शेकडो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावर ऊन असतं आणि आपण अंधारात असतो, म्हणून तो चमकतो. तेव्हा दिवस मावळल्यावर पाऊण तासानं बाहेर या आणि तासभर पाहा. नाहीतर पहाटे, उजाडण्याआधी. चालता चालता तो मध्येच विझला, तर समजावं, पृथ्वीच्या सावलीत शिरला.

ओळखायचं कसं? लाल-हिरवे दिवे लुकलुकले तर विमान. क्षणात रेघ ओढून गेली ती उल्का. एकसारख्या उजेडानं, आवाज न करता, चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडतो तो उपग्रह. सगळ्यांत ठळक दिसतं ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशू शुक्ला तिथं राहून आले. २०१९ पासून स्टारलिंकचे उपग्रहही सोडले जात आहेत. सोडल्यावर काही दिवस ते माळेसारखे ओळीनं जाताना दिसतात. त्यात भिण्यासारखं काही नाही.

सावध राहावं असा प्रसंग मात्र आपल्या राज्यात घडला आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जळते गोळे आभाळातून जाताना दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावी धातूचं मोठं कडं पडलं. ते रॉकेटचे अवशेष होते. असं काही शिवारात पडलं, तर हात लावू नये, मुलांना दूर ठेवावं आणि पोलीस पाटलांना कळवावं.

गुरुजनांना एक विनंती. पावसाळा सरला की मुलांना एका संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बोलवा. आधी ध्रुव दाखवा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा खालीच, सुमारे १७ अंशांवर, दिसतो. मग एकानं घड्याळ धरावं, दुसऱ्यानं दिशा सांगावी, तिसऱ्यानं वहीत टिपावं: कुठून निघाला, कोणत्या ताऱ्याजवळून गेला, कुठं विझला. मोबाइलवर अंतराळ स्थानकाच्या वेळा मिळतात, त्यांच्याशी नोंद ताडून पाहा. ती जुळली, की आभाळातल्या दिव्याबद्दल उठलेल्या अफवेला ते मूल सहसा बळी पडणार नाही. आधी ते विचारील, ‘किती वाजता दिसला? कुठून कुठं गेला?’