चौकाच्या नावातला रेडिओ



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय दिला 'आपल्या काळातलं संगीत'. भेंड्या रात्री जेवणानंतर होणारच आहेत. म्हणून मी गाण्यांबद्दल कमी, आणि ती आपल्या घरात कशी आली याबद्दल जास्त बोलतो.

सदरहून आकाशवाणी चौक सायकलने फार तर दहा मिनिटं. आजच्या पोरांना तो सिग्नल म्हणून ठाऊक आहे. नागपूर केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ ला. तेव्हा आपलं शहर मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी होतं. पुण्याहून आलेल्या मित्रांसाठी मुद्दाम सांगतो, तुमचं केंद्र त्यानंतर पाच वर्षांनी, १९५३ ला!

त्याआधी गाणं घरी आणायचं तर तबकडी. १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसांना कळावं म्हणून गायक शेवटी आपलं नाव सांगत. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे काय कसरत असेल, विचार करा. पण फोनो असणारी घरं गल्लीत एखाद-दुसरीच.

रेडिओनं ते बदललं. पोस्टात जाऊन त्याचं लायसन काढावं लागे, हे माझ्या नातवाला खरं वाटत नाही. त्याला वाटतं, लायसन फक्त गाडीचं. रेडिओ एका घरात लागला की चार घरं ऐकायची. आपली वस्ती मिश्र. कुणाकडे चर्चची गाणी, कुणाकडे कव्वाली, कुणाकडे अभंग. पण बुधवारी रात्री आठला सगळ्यांचा काटा रेडिओ सिलोनवर. अमीन सायानींची बिनाका गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. त्याच वर्षी माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपलाच मराठी माणूस, यांनी आकाशवाणीवरच्या सिनेमाच्या गाण्यांना कात्री लावली होती. श्रोते सरळ श्रीलंकेला गेले. त्यांना परत आणायला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली.

केसकरांना हसणं सोपं आहे. मी तसं करत नाही. संस्थानं गेली, दरबार गेले, तेव्हा गवयांना आणि वादकांना पगार किंवा बिदागी देणारी मोठी जागा आकाशवाणीच होती. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्यांच्याच काळातला. तिकीट न काढता मोठमोठे कलावंत आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले ते त्यामुळे.

एक गंमत मात्र सांगतोच. आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीस वर्षं हार्मोनियमला बंदी होती. पेटीचे सूर पक्के, त्यावर मींड निघत नाही, असा आक्षेप. आणि इकडे आपल्या शाळेची प्रार्थना रोज पेटीवरच! संगीताच्या बाई म्हणायच्या, "दिल्लीला नसेल चालत, मला चालते."

मग ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ फळीवरून उतरून पानठेल्यावर, शेतात गेला. ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघर पोचली. कॅसेटबद्दल लोक फक्त स्वस्त गाण्यांचं बोलतात. मला मोठी गोष्ट वेगळीच वाटते. तोवर साधा माणूस नुसता ऐकणारा होता. लाल बटण दाबलं की तोही ध्वनिमुद्रण करणारा झाला. आजीच्या ओव्या, बारशाची गाणी, शाळेचं गॅदरिंग, सगळं त्यात गेलं. याच गावातून १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर देशभर जायची, तीही आता बंद झाली. ती वाहिनी चालवणं आपल्या हातात नव्हतं. घरच्या कॅसेट आहेत.

आपल्या बाई आज नाहीत. त्यांचा आवाज मला माहीत असलेल्या एकाच जागी आहे, १९८३ च्या गॅदरिंगच्या कॅसेटमध्ये. बावीस मिनिटं आहेत. मध्येच त्या पेटीवाल्या मुलाला "अरे, काळी दोन, काळी दोन!" म्हणून दटावतात. तो मुलगा आज तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव सांगत नाही.

फितीवरचा चुंबकीय थर कायमचा टिकत नाही. पावसाळ्यात बुरशी धरते, आपल्या मे महिन्याच्या उन्हात फीत वाकडी होते. म्हणून माळ्यावरची कॅसेट सापडली की लगेच वाजवू नका. पांढरे ठिपके दिसले तर टेपमध्ये घालूच नका, तशीच आणा. ठिपके नसतील तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्या, मग वाजवा. डेकमधून एक वायर संगणकात गेली की काम होतं. फक्त वेळ तेवढाच लागतो, साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं.

खाली ग्रंथालयात मी डेक मांडून ठेवलाय. उद्या दुपारी चारपर्यंत बसतो. कॅसेटवर वर्ष आणि कुणाचा आवाज आहे ते पेन्सिलीनं लिहून द्या. बाईंची बावीस मिनिटं चहाच्या वेळी लावतोय.