चित्ता आणि बहिरी ससाणा : वेगाची तुलना



सर्वांत वेगवान प्राणी कोणता, हा प्रश्न वर्गात निघाला की एक मूल चित्ता म्हणते, दुसरे बहिरी ससाणा. शिक्षकाने एका उत्तरावर बरोबरची खूण करावी, अशी मुलांची अपेक्षा असते. पण ती खूण करण्यापूर्वी हा वेग कोठून येतो, हे पाहणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे पुष्कळदा बिबट्यालाच चित्ता म्हटले जाते. मेळघाटात आढळतो तो बिबट्या. त्याच्या अंगावर ठिपक्यांची कडी असतात. चित्त्याचे ठिपके सुटे व भरीव असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत एक काळी रेघ उतरलेली असते. मोकळ्या माळावर काळविटामागे धावणारा हा प्राणी भारतातून नाहीसा झाला. १९४७ साली कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, ती त्याची अखेरची खात्रीलायक नोंद मानतात. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले.

बोट्स्वाना देशात चित्त्यांच्या गळ्यात यंत्रयुक्त पट्टे बांधून केलेल्या मोजणीत, जी २०१३ साली प्रसिद्ध झाली, सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर भरला. बहुतेक शिकारी याहून पुष्कळ कमी वेगाने झाल्या. भक्ष्य वळले की आपणही वळणे, क्षणात वेग घेणे व क्षणात आवरणे, यातच त्याचे खरे कसब दिसले. लवचीक पाठ, तोल सावरणारे लांब शेपूट आणि जमिनीत रुतणारी नखे ही त्याची साधने होत. ही धाव काही शे मीटरांतच संपते.

बहिरी ससाण्याची गोष्ट निराळी. पारव्यावर झडप घालताना पंख अंगाशी आवळून तो उंचावरून सूर मारतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक होतो. मात्र सरळ उडताना तोच ससाणा साधारणतः ताशी ६५ ते १०० किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे चित्त्याच्या आसपासच. तेव्हा वरचा सारा वेग पृथ्वीच्या ओढीचा आहे. तो सावरणे व नेमका नेम साधणे हे मात्र पक्ष्याचे स्वतःचे, आणि ते काही लहान काम नव्हे.

वरच्या वर्गातील मुलांना याचा हिशेब करता येईल. हवेचा अडथळा सोडून दिला, तर सुमारे ३४ मीटर उंचीवरून टाकलेला दगड जमिनीवर येतो तो ताशी ९३ किलोमीटर वेगाने. चित्ता जे पायांच्या बळावर मिळवतो, ते ससाण्याला सुराच्या पहिल्या काही सेकंदांत जवळजवळ फुकट मिळते! ताशी ३०० किलोमीटरसाठी हीच उंची सुमारे ३५० मीटर भरते. प्रत्यक्षात हवा अडवते म्हणून आणखी वरून यावे लागते. म्हणून पक्षी आधी उंची कमावतो. त्या चढण्याचे श्रम कोणी मोजत नाही.

वाशीम जिल्ह्यातील, म्हणजे १९९८ पूर्वीच्या अकोला जिल्ह्यातील, कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट आजही आहेत. ते ताशी ८० किलोमीटरच्या सुमारास पळू शकतात. त्यांच्यामागे तितक्या वेगाने धावणारा शिकारी मात्र तेथे आता उरलेला नाही. सहल नेता आली तर उत्तमच. नाही तर शाळेच्या मैदानावर शंभर मीटर मोजून दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. सर्वांत चपळ मुलाला पळवून सेकंद मोजावेत आणि मग सांगावे की पूर्ण वेगातला चित्ता हे अंतर चार सेकंदांच्या आत ओलांडतो. ससाण्याचा सूर किती सेकंदांत, हे मुलांनाच काढू द्यावे.